मागील पानाप्रमाणे

आश्विन लागला की आसेगावच्या हवेला एक कोरडा, किंचित कडवट वास येऊ लागतो. शेतातल्या गंजी मोडल्या जातात, थ्रेशरच्या तोंडातून सोयाबीनचा भुसा, आमच्याकडचे कुटार, उंच उडतो आणि त्याची बारीक सोनेरी धूळ गावावर उतरते. तुळशीच्या कठड्यावर ती बसते, दोरीवरच्या धोतरावर बसते. पहाटे संध्येसाठी भरून ठेवलेल्या पंचपात्रीतही कुटाराचा एखादा कण तरंगत असतो. पूर्वी मी तो बोटाने काढून टाकीत असे आणि मनातल्या मनात थ्रेशरवाल्याला दोन शब्द ऐकवीत असे. यंदा तो कण दिसला आणि आचमन विसरून मी त्याच्याकडे पाहत राहिलो. गेल्या वर्षीचा अवघा हंगाम त्या कणावर बसून परत आला होता.

"पाण्यात काय शोधता, मामंजी?" स्वयंपाकघराच्या दारातून सुनेने विचारले.

"गेलं वर्ष," मी म्हणालो.

रेवती हसली आणि आत गेली. कोणते गेले वर्ष, हे तिला सांगावे लागले नाही. ते आम्ही दोघांनी मिळून भोगले होते.

माझी उपजीविका शाळेतल्या संस्कृतच्या अध्यापनावर झाली आणि पौरोहित्य घराण्यातून आले. सत्तरी ओलांडल्यावर शिकवायला विद्यार्थी उरले नाहीत आणि दूरच्या गावी पूजेला जाण्याइतके गुडघेही उरले नाहीत. अशा काळात रेवतीने मला एक विद्यार्थी मिळवून दिला. त्याला रूप नाही, गोत्र नाही, वय नाही. त्याच्याविषयीच हे लिहितो आहे.

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे. गावाच्या कडेला तिचे गोदाम आहे. त्यात धान्य स्वच्छ करण्याचे यंत्र आहे आणि ओला माल वाळवण्यासाठी ड्रायर आहे. हंगामात ड्रायरवर पाळी मिळवायची तर पूर्वी माणसांना पोती घेऊन दारात ताटकळत बसावे लागे. गेल्या वर्षी कंपनीने फोनवर उत्तर देणारा एक कृत्रिम बुद्धीचा सहायक आणला. शेतकऱ्याने आपल्या बोलीत आपली गरज सांगावी आणि सहायकाने ती ऐकून काम करून द्यावे, अशी योजना. त्याचा आवाज स्त्रीचा होता. म्हणून गावोगावी तिचे नाव 'फोनातली बाई' असेच पडले. तिच्यामागची सारी मांडणी रेवती कंपनीसाठी घरी बसून करीत असे.

"तिला सगळं येतं का गं?" मी पहिल्या दिवशी विचारले होते.

"तिला बोलणं येतं, मामंजी. काम करण्यासाठी तिच्या हाताशी साधनं ठेवावी लागतात. एका साधनानं पाळी मिळते, दुसऱ्यानं बदलता येते, तिसऱ्यानं मालाचा ओलावा नोंदवता येतो. कोणतं साधन कधी उचलायचं, ते मात्र ती आपण लिहिलेल्या पानावरूनच ओळखते. प्रत्येक साधनाचं एक पान. पान धड नसेल तर तीही धड वागत नाही."

"गोदाम तिनं पाहिलेलं नाही?"

"ड्रायर कोणत्या कोपऱ्यात आहे हेही तिला ठाऊक नाही."

मला त्या अदृश्य बाईविषयी करुणा वाटली. जिने सोयाबीनचा दाणा दातांखाली कधी धरला नाही, जिच्या नाकात हा कडवट वास कधी गेला नाही, तिने शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांची पाळी लावायची, आणि तीही केवळ एका पानाच्या आधारावर.

रेवतीने लिहिलेली पाने मी चष्मा पुसून वाचायला घेतली. एका पानावर लिहिले होते, 'पाळी-बदल: पाळी बदलण्यासाठी.' मी मनमुराद हसलो. "हे म्हणजे घट कशाला म्हणावे, तर ज्यात घटत्व आहे त्याला. अगं, हे वाचून कोणाच्या हाती काय लागणार?"

"मग तुम्हीच लिहा," ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, पण आव्हान होते. मी लेखणी उचलली.

ते पंधरा दिवस आठवले की अजून प्रसन्न वाटते. दुपारी जेवणे उरकली की स्वयंपाकघरातल्या मेजावर एका बाजूला तिचा संगणक आणि दुसऱ्या बाजूला माझी वही असे. बाहेर थ्रेशरचा अखंड घोष चाले. नवरात्र नुकतेच उठले होते. घटातल्या धान्याचे हिरवे तुरे देवघरात अजून ताजे होते. माझ्या आयुष्यभराच्या अभ्यासाला असे काम मिळेल, हे स्वप्नातही आले नव्हते. साधनाला नाव द्यायचे ते असे, की नावातच प्रयोजन दिसावे. कोणती वस्तू कोणत्या मापात मागायची, ते आधी सांगायचे. ओलावा शेकड्यात, वजन क्विंटलमध्ये. आमच्या शास्त्रांत विधीइतकाच निषेधाला मान आहे. म्हणून प्रत्येक पानावर मी 'हे साधन केव्हा वापरू नये' तेही लिहू लागलो. रेवतीला ते फार आवडले. आणि काही बिघडले की यंत्र जे नुसते 'अवैध' म्हणून ओरडते, ते तर मला मुळीच सोसवेना.

"कर्मात काही चुकलं तर आमच्या पोथ्या प्रायश्चित्त सांगतात," मी तिला म्हणालो. "दिवा विझला तर काय करावं, समिधा ओली निघाली तर काय करावं, सगळं आहे. तुझं यंत्र नुसता दोष दाखवून गप्प बसतं. पुढं काय करायचं, ते सांगत नाही."

त्या दिवसापासून प्रत्येक दोषाखाली त्याचे निवारण लिहिले जाऊ लागले. 'तो दिवस भरलेला आहे. जवळचे मोकळे दिवस शेतकऱ्याला सांगून विचारावे.' फोनातल्या बाईची उत्तरे सुधारली. रेवती मोठ्या आनंदाने मला ती ऐकवी, आणि वर्गातल्या हुशार मुलीची उत्तरपत्रिका तपासावी तसा मी मान डोलवीत असे.

माणूस घसरतो तो अशाच जागी.

आम्हा सूत्रपाठकांना एक जुने व्यसन असते. एकदा सांगितलेले पुन्हा सांगायचे नाही. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात आपोआप चालत येतो. तो पुन्हा लिहिणे आम्हाला दारिद्र्याचे लक्षण वाटते. एक अक्षर वाचवता आले तर आम्ही सण आल्यासारखे हरखतो. पाळी घेण्याच्या पहिल्या पानावर मी सारे विस्ताराने लिहिले होते. ड्रायरची आच 'तीव्र' किंवा 'मंद' यांपैकी एका शब्दाने सांगावी. माल बाजारात विकायचा असेल तर तीव्र. पुढच्या पेरणीचे बियाणे असेल तर मंदच, कारण फार ताप लागला की दाण्यातला अंकुर मरतो. ठाऊक नसेल तर शेतकऱ्याला विचारावे. पुढचे पान ठरलेली पाळी बदलण्याचे. त्यावर हेच सारे रेवतीने पुन्हा लिहिले होते. मी ते खोडले आणि सुबक अक्षरांत लिहिले: 'नवा दिवस द्यावा. उर्वरित मागील पानाप्रमाणे.'

"जरा जास्तच आखूड झालं का, मामंजी?" तिने विचारले होते. "साधनं वाढली तर मी तिला सगळी पानं एकदम देणार नाही. पानांच्या ढिगाऱ्यात ती गोंधळते. लागेल तेवढं एकच पान पुढं ठेवीन."

"जे एकदा कळलं ते पुन्हा कशाला सांगायचं?" मी म्हणालो. तिने माझ्या पांढऱ्या केसांचा मान राखला. आणि सगळी पाने एकत्र देऊन घेतलेली परीक्षा तर उत्तम पार पडली होती. पुढे साधने वाढली आणि बाईपुढे एका वेळी एकच पान ठेवले जाऊ लागले.

इंझोरीच्या गयाबाई मला पूर्वी ठाऊक नव्हत्या. साठीच्या घरातल्या, काटक अंगाच्या, बोलायला धारदार. त्या सोयाबीनचे घरचे बियाणे राखतात. उभ्या पिकात हिंडून भरल्या शेंगांची, निरोगी झाडे स्वतः निवडायची, ती वेगळी कापायची, काठीने हलक्या हाताने बडवायची. सहा-सात वर्षे त्यांनी हा क्रम मोडला नव्हता. शेजारपाजारचे लोकही पेरणीला त्यांच्याच दारी येत. गेल्या वर्षी काढणीनंतर आभाळ उघडेना. उन्हाअभावी बियाणे ताडपत्रीवर दमट राहू लागले, बुरशीची भीती वाटू लागली. म्हणून त्यांनी फोनातल्या बाईकडे ड्रायरची पाळी मागितली. बाईने विचारले, माल विकायचा की पेरायचा. गयाबाईंनी सांगितले. गुरुवार ठरला, आच मंद ठरली. पण दुसऱ्या दिवशी आभाळ अधिकच दाटले, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन करून बुधवार मागितला. बाईने बुधवार दिला.

त्या बुधवारी मी गोदामात होतो. खरे सांगायचे तर स्वतःच्या लेखनाचा प्रताप पाहायला गेलो होतो. धुवट उपरणे घेऊन गेलो होतो. ड्रायर चालवणारा देवराव मला खुर्ची देऊन कौतुकाने म्हणाला, "बसा गुरुजी. आता भांडन नाई, तंटा नाई. चिठ्ठी येते, मी माल वाळवून राह्यलो." टेम्पोतून गयाबाईंची पाच पोती उतरली. देवरावने चिठ्ठी वाचली, आच लावली, दोन पोती यंत्रात रिकामी केली. तापलेल्या पत्र्याचा वास गोदामभर पसरला. गयाबाई जवळ गेल्या आणि झडपेतून येणाऱ्या वाऱ्यावर त्यांनी तळहात धरला. तो त्यांनी झटकन मागे ओढला.

"देवराव, हे एवढं तापून काहून राह्यलं?"

"चिठ्ठीवर तीव्र हाय, काकू."

"तीव्र म्हंजे?"

"म्हंजे जोराची आच."

"अरे माह्या बापा, बियानं हाय थे! फुटाने कराले आनलं का मी? बंद कर आदी!"

देवरावने यंत्र बंद केले. आम्ही तिघांनी मिळून ते दाणे ताडपत्रीवर पसरले. हाताला चटका बसत होता. किती वेळ ताप लागला, हे कोणालाच नेमके सांगता येईना. गयाबाईंनी एक दाणा दातांखाली फोडला, डोळे मिटून चावला आणि मान हलवली. "वरून काई समजत नाई. आतला जीव हाय का गेला, थे मातीच सांगन." मग पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "बाकीचे तीन पोते उगवतीन. पन हातानं निवडेल माल ह्या दोनातच होता."

रेवती निरोप मिळताच संगणक घेऊन धावत आली. तिने नोंद उघडली. पहिली पाळी, आच मंद. बदललेली पाळी, आच रिकामी. त्या रिकाम्या जागेशेजारी फोनातल्या बाईने एक टीप लिहून ठेवली होती: 'या पानावर मागील पानाचा उल्लेख आहे. ते पान माझ्यापुढे नाही. आचेविषयी येथे काही सूचना नाही.' ती टीप कोणी वाचली नव्हती. आणि आच रिकामी दिसली की यंत्र आपणहून तीव्र धरून चालत असे, कारण येणारा बहुतेक माल बाजाराचाच.

मी ती टीप दोनदा वाचली. तिच्यात तक्रार नव्हती. 'ते पान माझ्यापुढे नाही.' एवढेच.

"चूक कोनाची झाली म्हना मंग?" गयाबाईंनी विचारले.

"काकू, माझी—" रेवती बोलू लागली. मी तिला थांबवले.

"माझी, बाई. ते पान मी लिहिलं."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. उपरणे पाहिले, गंध पाहिले. "तुमी? तुमी तं पूजा सांगता नं?"

"हो."

"मंग मशीनलेबी तुमीच मंत्र सांगतला?"

"सांगितला. पण अर्धाच सांगितला."

देवरावला हसू आवरेना. गयाबाईंनी त्याच्याकडे एक कटाक्ष टाकताच तो पोत्याची दोरी सोडवायला लागला. दोरी आधीच सुटलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी इंझोरीला गेलो. क्षमा मागायला गेलो होतो; पण गयाबाईंनी माझ्यापुढे भिजवलेले गोणपाट अंथरले. "माफी नंतर मागा. आदी दाने मोजा." तापलेल्या दोन पोत्यांतले, निवड न करता उचललेले शंभर दाणे. दहा-दहाच्या दहा ओळी. माझी बोटे जपमाळेची. प्रत्येक दाणा मी चिमटीत धरून अलगद ओळीत ठेवी. गयाबाई म्हणाल्या, "गुरुजी, देव मांडून नाई राह्यले तुमी. टाका बिनधास." मग त्यांनी गोणपाटाची हलक्या हाताने गुंडाळी केली, सुतळीने बांधली, रांजणाच्या सावलीत उभी ठेवली. चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे. पाचव्या दिवशी उलगडायचे.

"अन् उगवलं नाई तं?" मी विचारले. त्यांच्याच बोलीत विचारले, हे मागाहून ध्यानात आले.

"तं दुकानातलं आनू. पेरनं काई थांबत नाई." त्यांनी गुंडाळीवरून हात फिरवला. "पन थे माह्यं नसन."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. दोन्ही बाजूंनी तुरीची हिरवी शेते, मधूनमधून सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी जमीन. अचानक मेडशी आठवली. तेव्हा मी विशीत होतो, पाठशाळेत शिकत होतो. मेडशीला एका घरी वास्तुशांती ठरली होती आणि ऐन दिवशी माझ्या गुरुजींना ज्वर आला. त्यांनी आपल्या वहीतले त्या कर्माचे पान मला उतरवून घ्यायला सांगितले आणि पाठवले. मी मोठ्या डौलाने आसनावर बसलो. संकल्प झाला, पुण्याहवाचन झाले. ग्रहांच्या पूजनानंतर पानावर दोनच शब्द होते, 'शेषं पूर्ववत्'. राहिलेले पूर्वीप्रमाणे. पूर्वीचे ते कुठले? ते वहीच्या कुठल्या तरी आधीच्या पानावर होते, आणि वही गुरुजींच्या उशाशी होती.

मी पान उलटून पाहिले, मागे कोरे होते. यजमान हात जोडून वाट पाहत होते. शेवटी त्या घरातली एक म्हातारी पुढे सरकून हळूच म्हणाली, "महाराज, थांबले काहून? आता तांदळाचे ढीग मांडतेत नं? आमच्या सासऱ्याच्या टायमाले तं तसंच केलतं." तिने पाहिलेल्या कर्माच्या स्मृतीवर मी उरलेले कर्म पार पाडले. परत येऊन गुरुजींपुढे अपराध्यासारखा उभा राहिलो. मला वाटले, आता ते संतापतील. त्यांनी ज्वराने तापलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "चूक माझी. ते पान मी शेजारी बसलेलो असेन, असे धरून लिहिलेले आहे. पान दिले, पानामागचा मी द्यायचा राहिलो."

पन्नासांहून अधिक वर्षे हे वाक्य मी प्रसाद म्हणून जपले. आणि वेळ आली तेव्हा विसरलो.

सूत्रांचे लाघव, म्हणजे थोडक्यात सांगण्याचे कसब, सुंदर असते, यात मला आजही शंका नाही. पण सूत्र कधी एकटे नव्हते. त्याच्याजवळ बोट ठेवून दाखवणारा, शिष्याच्या चेहऱ्यावरचे प्रश्नचिन्ह पाहून थांबणारा, 'समजले नाही' या शब्दांची वाट न पाहता पुन्हा सांगणारा आचार्य बसलेला असे. फोनातल्या बाईजवळ कोण बसले होते? तिला माझा चेहरा दिसत नव्हता आणि तिचा मला. आम्हा दोघांत फक्त ते पान होते. अशा पानाने स्वतःच आचार्य व्हावे लागते. जो आपल्या आधीचे काही जाणत नाही आणि ज्याला आपण नंतर भेटणार नाही, त्याच्यासाठी लिहिणे हे अन्नदानासारखे आहे. पंक्तीला कोण बसेल ते ठाऊक नसते. म्हणून पान पूर्णच वाढायचे.

ते चार दिवस मी आणि रेवतीने सगळी पाने नव्याने लिहिली. आता लिहिण्याचे काम तिच्याकडे आणि खोडण्याचे माझ्याकडे, असे नव्हते. दोघांनी एकेक वाक्य उच्चारून पाहावे आणि मग उतरवावे. पाळी बदलण्याचे पान असे झाले: 'शेतकऱ्याची आधीच ठरलेली पाळी दुसऱ्या दिवसावर न्यायची असेल तेव्हाच हे साधन वापरावे. नवी पाळी हवी असल्यास हे वापरू नये. आच पुन्हा द्यावी लागते. ती रिकामी सोडू नये. माल पेरणीच्या बियाण्याचा असेल तर आच मंद, विक्रीचा असेल तर तीव्र. बियाण्याला तीव्र आच लागली तर ते उगवत नाही आणि ही हानी भरून येत नाही. पाळी बदलण्यापूर्वी शेतकऱ्याला आच सांगून त्याचा होकार घ्यावा.' रेवतीने यंत्रालाही ताकीद दिली, की आच रिकामी आली तर त्याने मनाने काही धरू नये, काम थांबवून विचारावे. फोनातल्या बाईच्या टिपा दररोज सकाळी वाचण्याचे तिने स्वतःवर बंधन घालून घेतले. मग प्रत्येक पान एकेकटे, सुटे करून बाईपुढे ठेवले आणि वऱ्हाडीत प्रश्न विचारून पाहिले.

मी आणखी एक परीक्षा घेतली. देवरावला बोलावले, त्याच्या हाती मधलेच एक पान दिले आणि मोठ्याने वाचायला सांगितले. त्याने अडखळत वाचले.

"काय कळलं?"

"सगळंच कळलं." तो जरा संशयाने म्हणाला, "गुरुजी, हे तुमीच लिहेल हाय नं?"

"का रे?"

"नाई, शाळेत तुमी शिकवत होते तवा मले कवाच काई कळलं नाई, म्हनून इचारलं."

रेवती तोंडाला पदर लावून आत पळाली. मी देवरावला चहा पाजला. इतके प्रामाणिक परीक्षण माझ्या अध्यापनाचे आजवर कोणी केले नव्हते.

पाचव्या दिवशी रेवतीही माझ्याबरोबर इंझोरीला आली. गयाबाईंनी सुतळी सोडली. ओल्या तागाचा, मातीसारखा गार वास आला. गुंडाळी उलगडू लागली तशी मी डोळे मिटले. ओठांवर नाम होते, पण मन गोणपाटावर होते. मग गयाबाईंचा मोजण्याचा आवाज ऐकू आला. एक, दोन, तीन. डोळे उघडले तेव्हा त्या प्रत्येक दाण्याजवळ बोट नेऊन मोजत होत्या. बोटाखाली पांढरा, वाकडा, ओलसर मोड. कुठे एखादा दाणा तसाच मुका पडलेला, बोट त्याला ओलांडून पुढे जाई. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या.

"एकोनऐंशी."

"म्हणजे?" मी विचारले.

"म्हंजे जित्तं हाय." त्यांनी मोड आलेला एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "थोडं दाट पेरा लागन. पन माह्यंच हाय."

त्या दाण्याला मी नमस्कार केला. रेवती डोळे पुसत होती. गयाबाई तिला म्हणाल्या, "रडतं काहून पोरी? आता माफी मागू दे त्याइले. चार दिसापासून अडून बसले हायेत." मी क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. तो फार गोड होता.

घरी आल्यावर मी गुरुजींकडून उतरवून घेतलेले ते जुने पान शोधून काढले. पिवळे पडलेले, घडीवर विरलेले. 'शेषं पूर्ववत्' या दोन शब्दांखाली जागा फार थोडी होती. म्हणून एक कोरा कागद जोडला आणि तिथे जे जे करायचे ते सारे, तांदळाच्या ढिगांपासून विसर्जनापर्यंत, ओळीने लिहून काढले. हे कर्म माझ्यामागे कोण करील, मला ठाऊक नाही. करणारा जो कोणी असेल, त्याच्या हाती कदाचित एवढेच पान लागेल.

परवा गयाबाईंचा निरोप आला, 'गेल्या सालचं बियानं कसं पिकलं थे पाहाले या.' मी गेलो. ओट्यावर नव्या बियाण्याच्या दाण्यांची रास होती. फिकट पिवळे, टपोरे दाणे आणि त्यांच्यावर कुटाराची सोनेरी धूळ. मी ओंजळभर उचलले. ओंजळीतून ते परत राशीवर पडताना झऱ्यासारखा आवाज झाला. पश्चिमेला ढगांची एक फळी उभी होती. गयाबाईंनी आभाळाकडे पाहिले, कमरेचा फोन काढला आणि मला ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला.

"बाई, मी गयाबाई बोलून राह्यली, इंझोरीहून. माही शुक्करवारची पाळी एक दिस अगुदर करून दे."

माझे हात आपोआप जोडले गेले.

"गुरुवारी सकाळी जागा आहे," फोनातली बाई म्हणाली. "पाळी बदलण्यापूर्वी विचारते. तुमचा माल पेरणीच्या बियाण्याचा आहे, म्हणून आच मंद ठेवते. बरोबर आहे ना?"

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि फोन तोंडाजवळ नेला.

"हो माय, मंदच ठेव. अन् घाबरू नोको, गुरुजी इथंच बसेल हायेत."